१,०१५ पायऱ्यांचा मालक

तिकिटाच्या खिडकीतल्या वयस्कर गृहस्थांनी कुठून आलात असे मला विचारले नव्हते. तरी मी 'इंदो' असे सांगितले, जरा सावकाश आणि जरा खर्जात. बुद्धाच्या देवळात शिरायचे आणि आपण बुद्धाच्या देशाचे हे लपवून ठेवायचे, हा विनय मला जमत नाही. त्यांनी मान लववली. मीही लववली. मग त्यांनी माझ्याकडून इतरांइतकेच पैसे घेतले, तिकीट दिले आणि माझ्या मागच्या माणसापुढे तेवढीच, अगदी तेवढीच मान लववली. वरपक्ष म्हणून लग्नघरात पाय ठेवावा आणि दारावरच्या माणसाने चपला कुठे काढायच्या तेवढेच सांगावे, तसे माझे झाले.

जपानातल्या या यामादेराचे कागदोपत्री नाव होजुसान रिश्शाकुजी असे भारदस्त आहे. कड्याकपारींना लटकलेली ही तेंदाई पंथाची देवळे एन्निन नावाच्या भिक्षूने इ.स. ८६० मध्ये वसवली. हे सगळे मी सेंदाईहून सुटलेल्या गाडीत भाचीला ऐकवले. तासाभराचा रस्ता, त्यामुळे थेट लुंबिनीपासून सुरुवात करता आली.

"मामा, लुंबिनी नेपाळात आहे."

मी सारनाथपासून सुरुवात केली. सारनाथहून चीन, चीनहून कोरिया, कोरियाहून सहाव्या शतकात जपान, आणि मग तीनेकशे वर्षांनी हा डोंगर. एन्निन स्वतः ८३८ ते ८४७ चीनमध्ये वणवण करून आला, त्याची रोजनिशीही आहे, पण भारतापर्यंत काही तो पोचला नाही. हे शेवटचे वाक्य मी थोड्या सहानुभूतीने उच्चारले. भाची खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ऑफिसातला नागपूरचा एक मुलगा आमच्याबरोबर आला होता, तो मात्र सगळे मान खाली घालून ऐकत होता. नव्या पिढीत जिज्ञासा अगदीच मेलेली नाही, असे मी बायकोला हळूच म्हणालोही.

त्या दिवशी आषाढी होती. परदेशात उपास धरण्याचा रुबाब काही वेगळाच. मोडला तर बघणारे कोणी नाही आणि तरी धरला, हे पुढे बरीच वर्षे सांगता येते. तर पायथ्याशी दुकानांच्या दारात मोठमोठ्या पातेल्यांत तामा-कोन्न्याकु उकळत असतो. काडीला टोचलेले तपकिरी गोळे आणि त्यावर पिवळ्याजर्द मोहरीचा फटकारा. डोंगर चढायला बळ येते म्हणून लोक तो खाऊन निघतात. वास्तविक त्यात जवळजवळ सगळे पाणीच असते, पण बळ ही श्रद्धेची बाब आहे. हे गोळे एका कंदाचे असतात, असे भाचीने सांगितले. मी लगेच फोनवर पाहिले आणि मला आनंदाचे भरते आले. तो कंद आपल्या सुरणाच्या कुळातला, अगदी जवळचा भाऊबंद. म्हणजे हेही आपलेच! आणि सुरण उपासाला चालतो. मी तिथल्या तिथे निकाल दिला की कोन्न्याकु एकादशीला चालतो.

"आणि सोया सॉस?" भाचीने विचारले.

मी त्या दिवसापुरता सोयाबीनला शेंगदाण्याचा दर्जा दिला.

बायको वेंगुर्ल्याची. तिने पातेल्यावर नुसते वाकून पाहिले. "यात माकूल आहे," ती म्हणाली. "सुकवलेलं."

"अगं, सुरण आहे."

"सुरण असेल. माकूलही आहे."

एरवी घरी मी माकूल आवडीने खातो, आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात जिचे नाक तयार झाले तिच्याशी वासावरून वाद घालू नये हेही मला कळते. पण त्या क्षणी मी नवरा म्हणून बोलत नव्हतो, देशाच्या वतीने बोलत होतो. मी काडी संपवली. मोहरी थेट मस्तकात गेली, डोळ्यांतून पाणी आले. आसपासच्या दोन-तीन जपानी बायकांना ते भक्तिभावाचे वाटले असावे. बायकोने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून खाल्ला.

पायथ्यालाच कोंपोन चूदो हे मुख्य देऊळ आहे, १३५६ मध्ये पुन्हा बांधलेले. आत भैषज्यगुरू बुद्धापुढे एक ज्योत तेवते. ती मुळात क्योतोजवळच्या हिएइ डोंगरावरून, तेंदाईच्या मूळपीठातून आणलेली. १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने हिएइचा डोंगर माणसांसकट जाळला आणि तिथली ज्योत विझली. पुढे मूळपीठ पुन्हा उभे राहिले तेव्हा ज्योत आणायची कुठून? यामादेराहून नेली. शाखेकडे विस्तव मागायला मूळपीठ आले. नागपूरचा मुलगा "अरे वा" म्हणाला. मी काही म्हणालो नाही. कायम मूळपीठाच्या बाजूने विचार करायची सवय लागलेल्या माणसाला ही गोष्ट तितकीशी भावत नाही.

मग पायऱ्या. एकूण १,०१५, असे तेच सांगतात, आणि एकेक पायरी चढताना एकेक विकार गळून पडतो अशी तिथली श्रद्धा. आपल्याकडे जेजुरीला नवलाख पायरी म्हणतात. त्या कोणी मोजायला जात नाही, एवढाच फरक. मी मोजायचे ठरवले होते. विकार कुठवर टिकतात तेही बघायचे होते. पण चढाई निम्मी व्हायच्या आत श्वास मोजण्याची वेळ आली आणि दोन्ही हिशेब बारगळले. माझ्या अंदाजाने अहंकार ही शेवटच्या काही पायऱ्यांवर गळणारी वस्तू असावी, कारण वाटेत काठी टेकत उतरणाऱ्या आजीबाईंना मी धापा लपवण्यासाठी हसून "इंदो" म्हणालो. त्या "अत्सुइ, अत्सुइ" म्हणाल्या, म्हणजे फार उकडते, आणि हातातला कागदी पंखा माझ्यावर दोनदा हलवून खाली गेल्या.

जरा वर उबादो नावाचे छोटे देऊळ आहे. आत दात्सुएबा बसलेली, मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे उतरवून घेणारी म्हातारी. इथून खाली नरक आणि वर स्वर्ग अशी हद्द आखलेली. पूर्वी लोक इथल्या झऱ्यावर अंग धुऊन नवे कपडे घालत, जुने म्हातारीला वाहत आणि मग स्वर्गाकडे निघत. माझा शर्ट तिनेही घेतला नसता. शिवाय लक्षात आले की कोन्न्याकुची पातेली आणि थंड पेयांची यंत्रे, म्हणजे ज्यांच्या आधाराने माणूस जगतो ती सगळी व्यवस्था, नरकात राहिली आहे.

पुढे वाट एका जागी जेमतेम १४ सेंटिमीटर उरते. बापाने टाकले त्याच जागी मुलाने आणि मग नातवाने पाऊल टाकायचे, दुसरी जागाच नाही. म्हणून तिला मायबाप-लेकरांची वाट असेही म्हणतात. तिथे कोणीतरी पुढे व्हायला हवे होते, म्हणून मी झालो. माझ्यामागे एका शाळेची सबंध सहल तुंबली.

आता सेमिझुका. इथे मी रेंगाळणार आहे, कारण खरे म्हणजे यामादेराला मी बुद्धासाठी आलोच नव्हतो, एका किड्यासाठी आलो होतो.

१६८९ साली हायकूकार बाशो उत्तरेच्या पायी प्रवासात होता. यामादेरा त्याच्या बेतात नव्हते. ओबानाझावाच्या लोकांनी आग्रह केला की एवढे जवळ आलात तर बघून जा. 'एवढे जवळ' म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, तेही उलट दिशेला. तो वळला, चालत आला, पोचला तेव्हा अजून उजेड होता म्हणून त्याच दिवशी डोंगर चढला. वर त्याने जो हायकू लिहिला तो जपानमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असतो. विषय एवढाच की सारे निवांत आहे आणि सिकाडाचा आवाज खडकात मुरतो आहे. तो हायकू लिहिलेला कागद इथे पुरून पुढच्या पिढीतल्या मंडळींनी १७५१ मध्ये दगड उभा केला, ती ही सेमिझुका. हायकू मराठीत शिरीष पैंनी रुजवला आणि तेव्हापासून मराठी माणसाला हा प्रकार सोपा वाटतो. माझाही एक हायकू प्रसिद्ध आहे. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत, पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या सूचनेखाली.

पण खरी मजा पुढे आहे. १९२६ मध्ये साइतो मोकिची या कवीने प्रश्न काढला की तो सिकाडा कुठल्या जातीचा? मोकिची धंद्याने मनोविकारतज्ज्ञ, इस्पितळ चालवणारा, आणि जन्माने यामागाताचा. म्हणजे किडा त्याच्या गावचा, डोंगर त्याच्या गावचा. त्याने ठणकावून सांगितले की आबुरा-झेमी. हा मोठा, तपकिरी, तेलात काहीतरी तळत असल्यासारखा चरचरणारा. त्यावर कोमिया तोयोताका उभा राहिला. हा कादंबरीकार नात्सुमे सोसेकीचा शिष्य, जर्मन साहित्याचा अभ्यासक, गाव तिकडे दूर फुकुओकाकडे. तो म्हणाला, छे, निइनिइ-झेमी. लहानखुरा, बारीक, सलग सूर धरणारा. चरचराट खडकावर आपटेल, मुरेल कसा? शिवाय बाशो आला ती तिथी आजच्या कॅलेंडरात १३ जुलैला पडते. आबुरा-झेमी तेव्हा बाहेर तरी आलेला असतो का?

हा वाद आपल्याकडे झाला असता तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दगडासमोर उभा राहून पुष्कळ केला. दुसऱ्या पत्रापर्यंत सिकाडा मागे पडून 'तुमची विद्यापीठात नेमणूक कशी झाली ते आम्हाला ठाऊक आहे' इथवर गाडी आली असती. तिसऱ्या लेखात एका प्राध्यापकांनी तो सिकाडा नव्हताच, रातकिडा होता, असे सिद्ध करून डॉक्टरेट मिळवली असती. चौथ्यात बाशो एक नसून दोन होते असे निघाले असते, कारण ज्ञानेश्वरांच्या बाबतीत आपला तो सराव झालेला आहे. संमेलनात ठराव, ठरावाला उपसूचना, उपसूचनेवर बहिष्कार. आणि या सगळ्यात यामादेराला जाऊन किडा बघून यावा हे कोणाच्या मनातसुद्धा आले नसते, कारण जाण्यायेण्याचे भाडे कोण देणार?

मोकिचीने काय करावे? त्याने त्या दिवसांतले यामादेराचे सिकाडे पकडून आणवले. एवढा मोठा कवी, वेड्यांचा डॉक्टर, आणि पुढ्यात मेलेले किडे मांडून त्यांची जात बघतो आहे. बहुतेक निइनिइ निघाले. मग त्याने सांगून टाकले की माझे चुकले, कोमियाचे बरोबर. आणि हे छापून सांगितले. गावचा माणूस हरला, बाहेरचा जिंकला, तरी डोंगर जागचा हलला नाही. मला या प्रसंगाचे इतके प्रेम आहे की तो मी लग्नकार्यातही सांगतो, आणि त्या दिवशी सेमिझुकेसमोर तो सगळा, अभिनयासह, पुन्हा सांगितला. मग डोळे मिटले, झाडांकडे कान दिला आणि "निइनिइ" असे जाहीर केले. दुसऱ्या कुठल्या सिकाडाचे नाव मला आवाजावरून सांगताच आले नसते. बायको दगडाला टेकून पाय चोळत होती. "म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष बघून कबूल केलं," एवढेच ती म्हणाली. तेव्हा मला ते कौतुक वाटले.

पुढे मिदाबोरा. वाऱ्यापावसाने झिजलेल्या कड्यात अमिताभ बुद्धाची आकृती उमटली आहे आणि ज्याला ती दिसते त्याचे भाग्य उजळते. भाचीला दिसली. नागपूरच्या मुलाला दिसली. कोणाच्या तरी कडेवरच्या तान्ह्या पोरानेही तिकडे बोट केले. मला भोके दिसत होती. बुद्धाच्या देशातून येऊन बुद्ध न दिसणे ही बातमी बाहेर फुटू देण्यासारखी नव्हती. "अगदी अजिंठ्याची धाटणी," मी म्हणालो.

"मला नाही बाई दिसत," बायको म्हणाली आणि पुढे चालू लागली.

वाटेच्या कडेने लाकडी खांब उभे असतात. त्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरे, आणि मध्ये हाताशी येईल असे लहानसे चाक. अक्षरे मला वाचता येत नव्हती, पण आपली म्हणून मी त्यांचे फोटो घेत सुटलो होतो. कमी वयात गेलेल्या माणसासाठी अमिताभाचे नाव घेत ते चाक फिरवायचे, म्हणजे तो लवकर पुन्हा माणसाच्या जन्माला येतो. हे भाचीने मामीला केव्हा सांगितले मला कळले नाही. मी वळलो तेव्हा बायको एका खांबापाशी उभी होती आणि तर्जनीने चाक ओढत होती. तिचा धाकटा भाऊ कॉलेजात असताना गेला. आमच्या घरात त्याचे नाव फारसे निघत नाही. फोटो आहे, पण कपाटात, साड्यांच्या खाली. ती "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत होती. अमिताभाचे नाव तिच्या जिभेवर बसले नसावे, आणि चाकाची काही तक्रार दिसली नाही. मी फोन खिशात टाकला. ते चाक मूळ कुठल्या देशातले, कुठल्या मार्गाने इकडे आले, याबद्दल मला बोलता आले असते. बोललो नाही.

"करकरतंय," ती जवळ येऊन म्हणाली. "तेल घालायला हवं कोणीतरी."

गोदाइदो हा कड्याच्या टोकावरचा लाकडी सज्जा आहे. खाली दरी, भातखाचरे, घरे आणि आम्ही आलो ती रेल्वेची रेघ. वारा लागला, घाम वाळला आणि वाळलेल्या घामाबरोबर माझा मूळ स्वभाव परत आला. "हे सगळं शेवटी आपलंच," मी दरीकडे हात करून म्हणालो. "बुद्ध आपला म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"काका," नागपूरचा मुलगा म्हणाला, "तुम्ही दीक्षाभूमीवर कधी आले का?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती. असती तर मला तिचा समाचार घेता आला असता. नागपूरला माझे जाणे पुष्कळ, लग्ने असतात. रिक्षा त्या पांढऱ्या घुमटाजवळून जाते, रिक्षावाला "ते बघा" म्हणतो, मी बघतो आणि संत्रा बर्फी कुठली चांगली ते विचारतो. सेंदाईच्या गाडीत जो आपला बुद्ध असतो, तो दादरला उतरेपर्यंत त्यांचा झालेला असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे लाखो माणसे येतात तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर एकच विषय असतो, गर्दी आणि उशिरा धावणाऱ्या गाड्या. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांच्या घरात बुद्ध रोजच्या जगण्यात आला, ज्यांनी त्यासाठी गावकीचे टोमणे आणि टोमण्यांहून वाईट गोष्टी सोसल्या, ते राहिले बाजूला. आणि परदेशात त्याच्या नावावर मानपान घ्यायला पुढे होतो मी. या व्यवस्थेचा मला मनापासून संताप येतो. पण असा संताप येणारा मी किती उदार, हेही त्याच वेळी मनात येते, आणि मग संतापाची चव जाते.

मी घुटमळत "नाही, अजून योग नाही" असे काहीतरी म्हणालो. मुलाने ते सहज घेतले. "आमच्याकडं तं जपानचेच भंते आहेत," तो म्हणाला. सुरई ससाई. मूळचे ओकायामाकडचे, साठच्या दशकात आले आणि नागपूरचेच झाले, भारताचे नागरिकत्वही घेतले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिरही जपानी मदतीने उभे राहिले आहे. "लहानपणापासून बघतोच आहे ना मी," मुलगा हसून म्हणाला, "इकडं आलो तं काही वेगळं नाही वाटलं."

पायथ्याच्या त्या ज्योतीची गोष्ट मला आता आणखीच आवडेनाशी झाली.

उतरायला वेळ लागत नाही. गुडघे बोलतात, पण उतरण होते. खाली त्याच दुकानाच्या दारात तेच पातेले उकळत होते आणि बायको त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"बघू या का प्रत्यक्ष?" ती म्हणाली. "त्या डॉक्टरसारखं?"

भाचीने दुकानदारीणबाईंना विचारले. बाईंना कोण आनंद झाला. त्यांनी लांब चिमटा आत घातला, तळाशी ढवळले आणि एक अख्खे सुके माकूल, पायांसकट, उचलून आमच्या नाकासमोर धरले. त्यातून रस गळत होता. याच्यामुळेच चव येते, असे त्या सांगत असाव्यात. बायको काही बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

"एका दुकानावरून सिद्धांत मांडता येत नाही," मी म्हणालो. "नमुने जास्त हवेत."

"चला," ती म्हणाली आणि पुढच्या दुकानाकडे निघालीच.

तिथल्या बाईंनी हात हलवून सांगितले की आमच्याकडे नाही, नुसता सोया सॉस. भाचीने दोनदा विचारून खात्री केली.

"पाहिलंस?" मी म्हणालो.

"पाहिलं. पण तुम्ही खाल्लंत ते त्या दुकानातलं." मग तिने पर्समधून नाणी काढली आणि एक काडी माझ्या हातात दिली. "मोडलीच आहे एकादशी, तर आता ही शाकाहारी घ्या. मोहरी जास्त घालायला सांगू?"